ह्रस्वदीर्घाची भाऊबंदकी

देवणी हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल ते गाईबैलांमुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे या गोवंशाचे तीन रंगप्रकार. पांढऱ्या अंगाच्या बैलाच्या तोंडावरचा काळा रंग नेमका कुठे थांबतो यावर आमच्या बाजारात तास दोन तास सहज वाद चालतो, आणि वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकालाही बैल घ्यायचा नसतो. अशा गावाला अनुस्वाराच्या टिंबावरून होणारे भांडण नवे वाटू नये. तरीही रविवारच्या प्रार्थनेनंतर आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांतली नेहमीची मंडळी चहाच्या कपाभोवती जे भांडते, त्याकडे आम्ही बराच काळ केवळ करमणूक म्हणून पाहत आलो. ते भांडण हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे आणि इतर वाङ्मयप्रकारांप्रमाणे त्याचेही गुणदोष पाहिले पाहिजेत, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला कारण घडले, ते पुढे येईलच.

आधी मंडळींची ओळख. एक निवृत्त मराठी शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात. दुसऱ्या, सीमेपलीकडच्या भालकीकडून सून होऊन आलेल्या आणि शाळेचे सारे शिक्षण कन्नडात झालेल्या वहिनी. तिसरे आमचे आबा. ते आता नाहीत. पण ज्या दिवसांविषयी आम्ही लिहीत आहोत त्या दिवसांत होते. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ पूर्वी, त्यांचे पहिले शिक्षण उर्दूत झाले होते, आणि देवनागरी त्यांनी घरी, जुन्या प्रार्थनापुस्तकावरून शिकून घेतली होती. चौथे आम्ही. आमच्याकडे लेखणी असते, म्हणून मतही असते, असा मंडळींचा समज.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एका घरातील मुलाची गुरुदीक्षा ठरली. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर आम्हीच लिहून उदगीरला छापण्यास दिला. मुद्रिते आली तेव्हा वरच्या ओळीत 'गुरूदीक्षा' असे दीर्घ आणि खालच्या ओळीत 'धर्मगुरू' असेही दीर्घ छापलेले. सरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला: समासात पूर्वपद तत्सम व मूळचे ह्रस्वान्त असेल तर ते ह्रस्वच राहते, 'गुरुदीक्षा' ह्रस्व, 'गुरुवार' ह्रस्व, पण शब्दाच्या शेवटी आलेला 'धर्मगुरू' दीर्घ. छापखान्यातील गृहस्थ फोनवर म्हणाले, "दोन्हीकडं सारखंच बरं दिसतंय की, साहेब." वहिनींना तर मुळात हेच उमजेना की एकच शब्द एका ओळीत आखूड आणि दुसऱ्या ओळीत लांब का व्हावा. तेव्हा आबांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "सोपं हाय. दीक्षा व्हायच्या आधी गुरु ऱ्हस्व असतो. दीक्षा झाली की दीर्घ होतो."

हसून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की नियम यापेक्षा चांगल्या रीतीने कोणी सांगितलेला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरांतील मुले हा नियम चुकत नाहीत. 'प्रभू येशू' हे दोन शब्द सुटे लिहिले तर 'भू' दीर्घ, 'प्रभुकृपा' म्हटले की ह्रस्व, हे त्यांना आबांच्या सुपारीसकट पाठ आहे. सरांची अडचण मात्र पुढे सुरू झाली. 'येशू' हा शब्द तत्सम मानायचा की परभाषी? संस्कृतातून आलेला नाही, म्हणून तत्सम नाही. मग समासात तो ह्रस्व करण्याचे कारण उरत नाही. तरी जुन्या पुस्तकांत 'येशु' ह्रस्व दिसतो त्याचे काय? हा प्रश्न आजतागायत निकालात निघालेला नाही, आणि तो निघू नये अशीच मंडळींची मनोमन इच्छा असावी.

मराठीत ही कुरबुर जुनी आहे. आमच्या चहापेक्षा तर फारच जुनी. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'चा उल्लेख मराठीच्या पहिल्या व्याकरणविचाराचा ग्रंथ म्हणून होतो. श्रीचक्रधरांच्या वचनाचा शब्द न् शब्द ज्यांना प्रमाण होता, त्यांना त्या शब्दाची विभक्ती कोणती हे ठरविणे भाग होते. शास्त्रवचनावर ज्यांचे जीवन उभे आहे त्यांच्याकडे व्याकरण आपसूक येते. हे आपल्या धर्मसभेलाही ठाऊक आहे. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे सांगणारा जो ग्रीक शब्द स्वीकारला, त्यात एक 'आयोटा' वाढविला की अर्थ 'सारख्या तत्त्वाचा' असा होतो, आणि चौथ्या शतकातले बिशप त्या एका अक्षरावरून वर्षानुवर्षे एकमेकांना उत्तरे देत राहिले. आयोटा म्हणजे दिसायला एक उभी रेघ. आपल्या कान्याची धाकटी बहीणच. तो वाद लटका नव्हता. पण काना-मात्रेवरून भांडणाऱ्यास रिकामटेकडा म्हणण्यापूर्वी तो आठवावा, इतकेच.

छापील मराठी व्याकरणाची भांडणे मात्र पुष्कळ अंशी घरगुती आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. (हेच दादोबा पुढे परमहंस सभेचे एक प्रवर्तक झाले आणि स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती चिंतकाच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आपल्या वाचकांना त्यांच्या या बाजूचे कुतूहल वाटावे.) दादोबांच्या व्याकरणाची झाडाझडती कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून घेतली, ते निबंध पुढे पुस्तकरूपानेही आले. दादोबाही आपल्या ग्रंथाच्या आवृत्त्या सुधारीत राहिले. मग १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. हा ग्रंथ वाचताना आम्हांला नेहमी एखाद्या मोठ्या वाड्यातील चौकात बसल्यासारखे वाटते. दामले आधीच्या प्रत्येक व्याकरणकाराला बोलावतात, त्याचे म्हणणे सविस्तर मांडू देतात, मग ते खोडतात आणि आपले सांगतात. नियम सांगून मोकळे होणे त्यांना जमतच नाही. भांडल्याशिवाय त्यांचा विचार पुढे सरकत नाही. आमच्या मते मराठीतील हे सर्वोत्तम भांडण होय, कारण त्यात प्रतिपक्षाला पुरेपूर बोलू दिले आहे.

मधल्या काळात शुद्धलेखनाचाही वाद पेटला. लोकमान्य टिळकांनी १९०४ साली 'केसरी'त लेखनपद्धतीवर लेख लिहिले. राज्यकर्त्यांशी ज्या पत्राचे भांडण चालू होते, त्या पत्राने अनुस्वारासाठीही जागा काढावी यावरून त्या टिंबाचे वजन कळते. हा वाद मराठी साहित्य महामंडळाने नियमात बांधला. महामंडळाच्या घटक संस्थांत मराठवाडा साहित्य परिषद होती, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली आणखी चारांची भर पडली. या अठरा नियमांपैकी आमचा आवडता नियम चौदावा. तो सांगतो की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे. त्यांच्यापासून पुढे नवे नियम लागू. आता केशवसुत कोण? व्याकरणकार मोरो केशव दामल्यांचे सख्खे बंधू. विष्णुशास्त्री कोण? दादोबांवर टीका करणाऱ्या कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव. एका व्याकरणकाराचा भाऊ आणि दुसऱ्याचा मुलगा, हे दोन दगड शुद्धलेखनाच्या शेताच्या बांधावर रोवले आहेत! यालाच आमच्याकडे भाऊबंदकी म्हणतात.

याच नियमाने फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मुळाबरहुकूम छापायचे म्हटले तर मोठी गंमत होईल. १६१६ साली ते छापले गेले ते रोमन लिपीत. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, तेव्हा कोठे बहुतेक मराठी वाचकांच्या हाती पडले. ज्या इंग्रज जेझुइटाने कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत पुराण रचले, त्याच्या पुराणातला प्रत्येक इकार-उकार देवनागरीत ह्रस्व की दीर्घ, हे साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्याच माणसाने ठरवायचे! तेव्हा आपल्या समाजाच्या आद्य मराठी ग्रंथाला शुद्धलेखन होते की नव्हते, असे कोणी विचारले तर आम्ही विषय बदलतो.

नियमांच्या या संसारात सर्वांत मोठी शोकांतिका अनुच्चारित अनुस्वाराची. 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'केलें' ही टिंबे गेली. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, शाळेतल्या मुलांच्या पाठीवरचे धपाटे कमी झाले. आम्हांला हा निर्णय एकंदरीत योग्यच वाटतो. पण सर त्या टिंबांचे वर्षश्राद्ध घालावे तसे अधूनमधून त्यांची आठवण काढतात. ते म्हणतात, पूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे पाण्यावरची. आता पेत्राचे काय करायचे? येशूने शिमोनाचे नाव बदलले. कोळ्याला नवी नाव मिळाली, असा कोणी अर्थ केला तर? वहिनींनी तत्काळ उत्तर दिले: "नाव बदललं आणि नाव बदलली. क्रियापद सांगतंय की." खरेच आहे. मराठीने लिंगाच्या जोरावर टिंबाची उणीव भरून काढली. जे काम लिहिण्यातून गेले, ते बोलण्याने उचलले.

पण वहिनींना दुसऱ्या रविवारी हार पत्करावी लागली. पूर्वी 'वांटणे' म्हणजे विभागून देणे आणि 'वाटणे' म्हणजे पाट्यावर वाटणे किंवा मनाला वाटणे. मग 'पाच भाकरी वाटल्या' या वाक्यात चमत्कार वाढून दिल्याचा आहे, की पाट्यावर बारीक केल्याचा, की लोकांना नुसता तसा भास झाला? येथे क्रियापद मदतीला येत नाही. आबा म्हणाले, "पाच हजार माणसं जेवली न्हवं? मग टिंब कुणाला पाहिजे?"

आबांची ही बेफिकिरी अज्ञानातून आलेली नव्हती. ती त्यांच्या लिपीतून आली होती. उर्दूत ऱ्हस्व स्वरांची जेर, जबर, पेश ही चिन्हे रोजच्या लिहिण्यात घालीतच नाहीत. वाचणारा संदर्भावरून स्वर भरतो. ज्याने लहानपणी असे वाचले त्याला 'कवि' की 'कवी' हा वाद, लग्नाला आलेल्या पाहुण्याने मांडवाच्या दोऱ्या मोजाव्यात तसा वाटला तर नवल नाही. आणि आमच्या मोडीची तरी काय कथा? मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने ह्रस्वदीर्घाचा भेद पाळला नाही, शब्दांत अंतर सोडले नाही, विरामचिन्ह तर त्याला ठाऊकच नव्हते. आधी एक सलग रेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगीत जायचे. त्या लिपीत राज्ये चालली. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा इतिहासकारांना मान्य असो वा नसो, १७७३ च्या त्या खुनानंतर मराठी माणसाने ती इतकी मनावर घेतली याचे कारण हेच असावे, की एका अक्षरावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो ही भीती त्याच्या मनात आधीपासूनच होती.

वहिनींचा कान याच्या उलट. कन्नडात ह्रस्वदीर्घ काटेकोर. इतकेच नव्हे, तर 'ए' दोन आणि 'ओ'ही दोन, एक आखूड, एक लांब. त्यांनी एकदा आम्हांला निरुत्तर केले. कन्नडात 'कोडु' यातील 'ओ' आखूड म्हटला तर अर्थ 'दे'. तोच लांबविला तर 'शिंग'. "तुमच्या मराठीत दोन्ही एकच लिहायचं. बैल इकायला निघालेल्या माणसानं 'दे' म्हणलं का 'शिंग' म्हणलं, कळायचं कसं?" बैलांच्या गावात हा दृष्टान्त वर्मी लागला. सरांनी पुष्कळ विचार करून सांगितले की मराठीत असा प्रसंग येत नाही. वहिनी म्हणाल्या, येत नाही कारण तुमच्याकडे अक्षरच नाही.

आम्हांस (या शब्दावरचा अनुस्वार सरांना हवा आहे, वहिनींना नको आहे, लेख आमचा म्हणून तो ठेवला आहे) वाटते ते असे. तीन लिप्यांच्या तीन सवयी एका खोलीत बसल्या होत्या आणि प्रत्येकाला आपापली सवय हाच निसर्गनियम वाटत होता. भांडता भांडता तिघांनाही कळले की ती सवय आहे. पुस्तकी व्याकरणाला हे सहसा साधत नाही, कारण पुस्तकात दुसरा कान नसतो. सरांनी वहिनींकडून दुसरा 'ए' शिकून घेतला, वय वर्षे सत्तरीत. आणि वहिनी आता 'लातूर' दीर्घ पण 'लातुरात' ह्रस्व, 'उदगीर' दीर्घ पण 'उदगिरात' ह्रस्व हे बिनचूक लिहितात. देवणीकरांचे भाग्य असे की आमच्या गावाचे नाव कोणत्याही विभक्तीत बिघडत नाही. देवणीला, देवणीत, देवणीचा. एकदा सर म्हणाले, 'गरीब' लिहा, 'री' दीर्घ. 'गरिबांना' लिहा, 'रि' ह्रस्व. त्यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी त्याला काही द्यायचं म्हणलं की तो लहान व्हतो." या वाक्यावर मात्र कोणी हसले नाही.

विरामचिन्हांविषयी थोडक्यात. ती आपल्याकडे मेजर थॉमस कँडी यांनी रुजविली असे मानतात. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची. शालेय पुस्तकांची भाषा त्यांच्या हाताखालून जात असे, त्यामुळे स्वल्पविराम मराठी मुलांना इंग्रज अधिकाऱ्याच्या शिस्तीतून मिळाला. हिंदीने वाक्याच्या शेवटी आपला दंड राखला. आपण टिंब घेतले. येथे आमचे मत थोडे तिरपे आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते, म्हणून ते संपल्याचे कानाला कळते. 'का' आले की प्रश्न कळतो. कोणाचे बोलणे कोठे संपले हे 'असे', 'म्हणून' ही अव्यये सांगतात. ती आमची अवतरणचिन्हेच. सर याला तीव्र विरोध करतात आणि आपल्या बाजूने क्रूसावरच्या पश्चात्तापी चोराला उभे करतात. लूकच्या शुभवर्तमानातील तेविसाव्या अध्यायात येशूने त्या चोराला जे अभिवचन दिले, त्यातला 'आज' हा शब्द सांगण्याला जोडायचा की सुखलोकात असण्याला, यावर वाद घालणारे पंथ आजही आहेत. कारण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. आपली धर्मसभा 'आज' सुखलोकाला जोडते. सर विचारतात, स्वल्पविराम नको म्हणता, मग चोर स्वर्गात केव्हा गेला ते सांगा. आमचे उत्तर असे की मराठी भाषान्तरकाराला येथे स्वल्पविरामाची गरजच नाही. 'आज' हा शब्द 'की'च्या अलीकडे ठेवला तर एक अर्थ, पलीकडे ठेवला तर दुसरा. एका 'की'ने मेजर कँडींचे काम केले. सरांना हे मनातून पटले आहे, असा आमचा दाट संशय आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली तो. गतवर्षी नाताळच्या निमित्ताने आम्ही घराघरांतून मजकूर मागवून एक हस्तलिखित काढले. मजकूर तपासण्याचे काम आमच्याकडे. शिक्षणशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करणाऱ्या आमच्या एका तरुण मुलीने आपल्या आजीविषयी लिहिले होते. १९७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. लेखाच्या शेवटी आजीचे एक वाक्य होते: "म्या खडी फोडली, पर लेकराला शाळंतून काढलं न्हाई." आम्ही लाल शाईने ते 'मी खडी फोडली, पण लेकराला शाळेतून काढले नाही' असे केले. 'न्हाई' खटकले, 'शाळंतून' खटकले, आणि 'म्या' तर अगदीच गावंढळ वाटले. लेख सुवाच्य अक्षरात उतरून काढला गेला.

आठवड्याने तिचे पोस्टकार्ड आले. गावातल्या गावात पोस्टकार्ड! रविवारी समोर भेटूनही ती काही बोलली नव्हती. कार्डावर दोनच मुद्दे होते. पहिला, महामंडळाच्याच नियमाप्रमाणे पात्राच्या तोंडची भाषा बोलण्यानुसार लिहिता येते; तेव्हा आजीचे वाक्य बदलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्या नियमाने मिळाला? दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. 'मी खडी फोडली' या वाक्यात 'मी'ची विभक्ती कोणती, हे आम्ही कृपया वाक्यातच दाखवावे.

आम्ही ते कार्ड सरांना दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मिशीतल्या मिशीत हसले. 'मी आले' येथे 'मी' प्रथमेत आहे. 'मी खडी फोडली' येथे क्रियापद खडीप्रमाणे चालते. प्रयोग कर्मणी, म्हणून 'मी' तृतीयेत. पण दोन्ही 'मी' दिसायला एकच. जुन्या लेखनात तृतीयेच्या 'मीं'वर अनुस्वार देत, त्याने निदान कागदावर तरी भेद राही. नव्या नियमांनी तोही गेला. आमच्या आजीने मात्र तो भेद जिभेवर राखला आहे. ती 'मी आले' म्हणते आणि 'म्या फोडली' म्हणते. 'तू आलास' म्हणते आणि 'त्वा सांगितलं' म्हणते. एकदाही चुकत नाही. दामल्यांनीही ही रूपे नोंदविलेली आहेत. म्हणजे ज्या वाक्यात व्याकरण पुरेपूर होते, ते आम्ही शुद्ध करून कमी केले.

आम्ही येथे स्वतःची बाजू मांडू शकलो असतो. प्रमाणभाषा हवीच, तिच्यावाचून देवणीचे पत्र वसईला आणि वसईचे नागपूरला कळणार नाही. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून 'ल' आणि 'श' यांची कोणती रूपे लिहावीत हेही ठरविले; असे ठरविणे कोणीतरी केलेच पाहिजे. हे सर्व आम्हांला मान्य आहे. पण या घटनेतील आमचा दोष तो नव्हे. सरांशी, वहिनींशी, आबांशी आम्ही शब्द न् शब्द भांडतो. आजीशी भांडलो नाही. तिला विचारलेच नाही. लाल शाईला उत्तर देण्याची तिची ऐपत नाही असे आम्ही धरून चाललो. लटके भांडण आणि अपमान यांत एवढेच अंतर असते, आणि आमच्या घरांतून शहराकडे शिकायला गेलेल्या मुलांनी ते अंतर अंगावर घेतलेले आहे. 'काय करायलाव' असे सहज बोलून गेल्यावर वर्ग कसा हसतो, हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारावे. काहींनी त्यानंतर बोलणे कमी केले, काहींनी लिहिणे. एकाने आमच्याशी बोलताना 'आहे' आणि 'नाही' इतके स्पष्ट उच्चारण्यास सुरुवात केली की त्याच्या आईला तो रागावला आहे असे वाटू लागले.

मराठवाड्यात अलीकडे दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली. २०२० साली उस्मानाबादला (आता धाराशिव) फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. वसईचा कॅथलिक धर्मगुरू मराठी सारस्वतांच्या व्यासपीठाचा अध्यक्ष झाला याचा आनंद आपण सर्वांनी केला. २०२२ साली संमेलन आमच्या शेजारी उदगिरातच भरले, भारत सासणे अध्यक्ष होते. त्या दिवसांत बोलीभाषेचा गौरव पुष्कळ ऐकू आला. गौरव करणे सोपे असते, त्यात बोलीला हार घालून व्यासपीठावर बसविता येते. तिच्याशी वाद घालणे, तिचे व्याकरण विचारणे, आपले चुकले तर कबूल करणे, हे अधिक कष्टाचे. आणि आमच्या मते अधिक आदराचेही. आबांना कोणी कधी हार घातला नाही. सरांनी मात्र त्यांच्याशी 'गुरु'च्या उकारावरून शेवटच्या आजारपणातही भांडण मांडले होते, आणि आबा त्या दिवशी उशीला टेकून उठून बसले होते.

यंदाच्या हस्तलिखितात तो लेख पुन्हा, जसा आला तसा, घ्यायचा असे ठरले आहे. 'म्या' परत आला, 'शाळंतून' आणि 'न्हाई' परत आले. फक्त एका जागी अडले आहे. आजीच्या वाक्यात 'फोडली' नंतर स्वल्पविराम द्यावा की देऊ नये? सर म्हणतात, 'पर'च्या आधी स्वल्पविराम हवाच. वहिनी म्हणतात, आजी तिथे थांबतच नाही, एका दमात म्हणते. आपण का थांबवावे? ती मुलगी म्हणते, आजीला विचारा. गेल्या रविवारी विचारले. आजीने वाक्य दोनदा म्हणून दाखविले. एकदा थांबली, एकदा थांबली नाही. ती जागा सध्या कोरी सोडली आहे.